आपन त पायी जातो बा

‘सबॅटिकल’ हा शब्द आमच्या सावली गावात चालत नाही. मी चालवून पाहिला.

घरी आले त्याच दिवशी शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "काऊन वं, येवढी सुट्टी? नोकरी गेली का?"

म्हटलं, "नाही हो काकू, सबॅटिकल घेतलंय."

काकूंचा चेहरा पडला. कुंपणावरून हात घालून त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "होते बरं. आजकाल सगळ्यावर दवा आहे." संध्याकाळी गुळवेलीची कांडी घेऊन आल्या. उकळून प्यायची, अनशापोटी. आईनं ती दुसऱ्या दिवशी खरंच उकळली आणि मला प्यायला लावली, कारण काकूंचं मन मोडायचं नव्हतं. मन काकूंचं राखलं, तोंड माझं कडू झालं.

आजार वगैरे काही नव्हता. पुण्यातल्या एका कंपनीत मी कितीतरी वर्षं बोलायची नोकरी करते आहे. सकाळी बोलायचं, दुपारी सकाळच्या बोलण्याबद्दल बोलायचं, आणि संध्याकाळी ठरवायचं की उद्या कशाबद्दल बोलायचं. एका मीटिंगमध्ये माझा आवाज माझ्याच कानावर पडला आणि असा वीट आला की वाक्य मी मध्येच सोडून दिलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही! आमच्या कंपनीत जुन्या माणसांना सहा महिने बिनपगारी रजा मिळते, नोकरी तशीच राहते. ती मागितली. साहेबांनी विचारलं, काय करणार? म्हटलं, चालणार. कुठं? आमच्याकडं, चंद्रपूर-गडचिरोलीत. "वा, ताडोबा!" म्हणाले. चंद्रपूर म्हटलं की पुण्याच्या माणसाला वाघापलीकडं काही दिसत नाही.

यात्रा मी माझी मीच ठरवली होती. मार्कंड्याहून निघायचं आणि कालेश्वरला पोचायचं. मार्कंडा आमच्या सावलीहून नदीपलीकडं, वैनगंगेच्या काठावर. जुनी दगडी देवळं आहेत. मार्कंडेयानं पोरवयात पिंडीला मिठी मारली आणि न्यायला आलेल्या यमाला रिकाम्या हातानं परत जावं लागलं, ती गोष्ट तिथली. कालेश्वर थेट खाली, सिरोंच्याच्या पलीकडं, प्राणहिता गोदावरीला मिळते तिथं, तेलंगणात. तिथल्या गाभाऱ्यात एकाच पीठावर दोन लिंगं आहेत, एक शंकराचं आणि एक यमाचं. म्हणजे जिथं यम हरला तिथून निघायचं, आणि जिथं त्याच यमाला शंकरानं शेजारी बसवून घेतलं तिथं जाऊन टेकायचं. मधे वैनगंगा वर्ध्याला भेटून प्राणहिता होते. ती तिच्या वाटेनं उतरणार, मी रस्त्यानं. हे सुचलं तेव्हा मी स्वतःवरच खूश झाले होते.

काकू म्हणाल्या, "हे कोनती यात्रा? आमी त नाई आयकली."

"नवी आहे."

"हट! यात्रा कुठी नवी असते का?"

असो. माझी अट एकच होती: एकटीनं जायचं आणि गप्प जायचं. मोबाईल बंद, तोंड बंद. मुक्कामापुरतं काय ते बोलायचं, बाकी नाही. ही अट मी मनातल्या मनात इतकी घट्ट करून आणली होती की ती कुणाला तोंडानं सांगायचं राहूनच गेलं.

इथं आमच्या बोलण्यातली एक भानगड सांगायला हवी. आमच्याकडं ‘आपण’चे दोन अर्थ होतात. एक सगळ्या महाराष्ट्रात चालतो तो: तू आणि मी, मिळून. दुसरा खास आमच्या तोऱ्याचा. माणूस छाती काढून बोलायला लागला की ‘मी’ म्हणत नाही, ‘आपन’ म्हणतो. ‘आपन त कोनाले भेत नाई बा.’ म्हणजे मी भीत नाही, तुझं तू पाहा. बायकाही तसंच म्हणतात, आणि ‘जाते’ न म्हणता ‘जातो’ म्हणतात. पुण्यात मी हे सगळं घडी घालून कपाटात ठेवते. सावलीचा स्टँड आला की घडी आपोआप उलगडते.

तर पहिल्याच रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "मंग, काय करतं सहा महिने?" आणि मी ऐटीत सांगून टाकलं, "आपन त कालेश्वरले पायी जातो बा."

आई भात वाढत होती. तिचा हात थांबला.

"पायी?"

"हाव, पायी."

"मार्कंड्याहून?"

"हाव."

"कधी?"

"शिवरात्रीची जत्रा उरकली की."

तिनं मला आणखी भात वाढला. मी नको नको म्हणत असताना वर तूपही सोडलं. मला वाटलं, पोरीचं कौतुक वाटलं असेल. मी सगळा भात खाल्ला.

चार दिवसांनी काकू पुन्हा कुंपणावर. या वेळी चेहरा प्रसन्न. "लय पुण्याचं काम करून राह्यली वं तू. आजकालच्या पोरी मायले दवाखान्यात न्यायले तयार नाई, आन तू येवढ्या दूर यात्रेले नेऊन राह्यली!"

"मी? कोणाला?"

"अवं, तुह्या मायनंच त सांगतलं. आमी मायलेकी पायी जाऊन राह्यलो म्हने."

मी कपाळावर हात मारला. चौकशी केली तर बातमी दळणाच्या चक्कीवरून बचतगटात, बचतगटातून भाजीवालीपर्यंत पोचलेली. भाजीवालीनं तर दोघींच्या वतीनं देवाला वाहायला म्हणून नारळही देऊन ठेवला होता. आता आईच्या गुडघ्यांची कथा सगळ्या गल्लीला पाठ. पायऱ्या उतरताना ती आडवी होऊन उतरते. ही बाई गोदावरीपर्यंत चालणार? आणि समजा चालली, तर माझ्या गप्पपणाचं काय? आई सोबत असताना गप्प बसायचं म्हणजे चक्कीवर बसून झोप काढायची.

तणतणत घरात शिरले. म्हटलं, आत्ताच्या आत्ता सांगून टाकू, आई, मी एकटीचं म्हणाले होते. ती घरात नव्हती. मागच्या अंगणात होती. साडीचा काठ वर खोचलेला, पायात शाळेच्या पोरांचे पांढरे पीटीचे बूट, आणि विहिरीभोवती फेऱ्या चालल्या होत्या. शेवग्याजवळ आली की भिंतीला हात लावून जरा थांबायची, पुन्हा निघायची. मला पाहून म्हणाली, "पाय वं, चावत नाई बिलकूल. दुकानदार म्हने, कोनाच्या मापाचे देऊ? म्हटलं, माह्याच."

सांगणार काय, कप्पाळ! मी आत आले आणि बाबांवर चिडले. "तुम्ही सांगा तिला."

बाबा पेपर वाचत होते. "मी काऊन सांगू? बोलली तू. निस्तर तू."

आई मूळची इकडची नाही. सिरोंच्याच्या अलीकडं, प्राणहितेच्या काठी तिचं गाव. घरात तेलुगू बोलत. लग्न होऊन सावलीत आली आणि इथलं बोलणं असं उचललं की आता इथल्यांनाही ती इथलीच वाटते. तेलुगू फक्त चटका बसला की बाहेर पडायचं. आम्हा भावंडांना तिनं ते शिकवलं नाही, आणि आम्हीही कधी मागितलं नाही. लहानपणी उन्हाळ्यात दोनदा-तीनदा तिकडं गेल्याचं आठवतं. मग आजी गेली, आजोबा गेले, आणि एकुलता एक मामा घर विकून मुलाकडं तेलंगणात राहायला गेला. तिथंच तोही वारला. त्याला आता बरीच वर्षं झाली. एवढी माहिती मला होती. त्यापलीकडं मी कधी डोकं घातलं नव्हतं.

मी विचार केला, आलीया भोगासी! निदान नीट आखणी करू, म्हणजे आखता आखता तिलाच कळेल की हे आपल्या गुडघ्याचं काम नाही. मोबाईलवर नकाशा काढला. मार्कंडा, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, मग सिरोंच्याचा रस्ता. म्हटलं, रोज इतकं चालायचं, इथं मुक्काम, इथं मुक्काम.

आईनं नकाशाकडं पाहिलंसुद्धा नाही. तिची आखणी माणसांची. "चामोर्शीले आपल्या बचतगटातल्या सरपंचबाईची बहीन आहे. तिथी जेवन. आष्टीले बाबाच्या मित्राचं पोरगं मास्तर आहे. मंग मुलचेऱ्याकडे वळू."

"मुलचेरा वाटेवर नाही आई. वाकडी वाट होते."

"होऊ दे वाकडी. तू झाली तवा गडचिरोलीच्या दवाखान्यात माह्या बाजूच्या खाटेवर एक बंगाली बाई होती. तिलेई पोरगीच झाली होती. ये म्हनली होती ते."

"आई, ती चाळीस वर्षांपूर्वी म्हणाली होती!"

"मंग? नाई म्हनली का मांगून?"

मी नकाशा मिटला. माझी गप्प यात्रा होती, हिनं तिचं लग्नघर केलं होतं. मला इतका राग आला होता की मी त्या दिवशी चहासुद्धा बाहेर टपरीवर जाऊन प्याले.

बाबांच्या अटी वेगळ्याच होत्या. डांबरी सोडायची नाही. ऊन कलायच्या आत गाव गाठायचं. आणि मोहफुलं वेचायचे दिवस आहेत, पहाटे कुठल्याही झाडाखाली वाकायचं नाही. "वाघाले उभा मानूस कळते. वाकलेला कळत नाई. त्याले वाटते हरीण आहे." आई म्हणाली, "माह्यानं त तसंई वाकनं होत नाई." बाबा हसले नाहीत. मी हसले.

शेवटी मी एक डाव टाकला. म्हटलं, आधी परीक्षा. सावलीहून व्याहाडपर्यंत चालत जायचं, रसवंतीवर बसायचं आणि चालत परत यायचं. जमलं तर कालेश्वर. आई एका पायावर तयार. दुसरा पाय कसा होता ते मला ठाऊक होतं.

सकाळी निघालो. दोन्ही बाजूला धान कापून झालेल्या बांध्या, मधेमधे लाखोळीच्या डाळीचं हिरवं, आणि रस्त्यानं गडचिरोलीकडं धावणाऱ्या गाड्या. माझी समजूत होती, आई घरापासून तोंड सुरू करेल ते व्याहाडपर्यंत. तर ती एक अक्षर बोलेना. अर्धा रस्ता झाला तरी गप्प. मीच काहीबाही बोलायला लागले. ती बांधी कोणाची, तो पळस यंदा लवकर फुलला का, काकूंच्या पोराचं लग्न जमलं का. तिच्याकडून नुसतं "हं". मला करमेना. "अगं, बोल की काहीतरी!" म्हटलं.

"बोलू का दम धरू?" ती म्हणाली आणि पुढं चालू लागली.

व्याहाडला पोचली. खरंच पोचली! उसाचा रस प्याली, रसवंतीवाल्याला सांगितलं की ही त प्रॅक्टिस आहे, आमी कालेश्वरले जाऊन राह्यलो. परत निघालो आणि थोड्याच वेळात तिचा चेहरा बदलला. ती किलोमीटरच्या दगडाला धरून उभी राहिली. मग त्याच्यावर बसली. मग उठेना. गुडघा असा सुजला होता की बुटापेक्षा तोच मोठा दिसत होता. मी बाबांना फोन केला. ते मोटारसायकल घेऊन आले, आईला मागं बसवलं, आणि जाताना मला म्हणाले, "दोघीई बह्याड आहा." म्हणजे ठार वेड्या. मी तो रस्ता एकटीच चालत परत आले.

मूल गावच्या हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं, थोडं थोडं चाला, चांगलंच आहे, पण लांबचं नाव काढू नका. खरं सांगते, मला हायसं वाटलं. माझी यात्रा मला परत मिळाली होती. दुसऱ्या दुपारी आई ओसरीवर पाय पसरून गुडघ्याला तेल चोळत बसली होती. बाबा खुर्चीवर डुलक्या काढत होते. मी तिच्याजवळ बसले आणि मोठ्या समजूतदारपणे म्हटलं, "हे बघ, मी चालत जाते. तू बसनं ये. वाटेत तुझं गाव लागतंच. तिथं एक दिवस राहा, मग आपण मिळून कालेश्वर करू."

"बसनं?" ती म्हणाली. "कोनाकडे?"

"कोणाकडे म्हणजे? तुझं गाव आहे."

"गाव आहे. गावात कोन आहे?"

तेल चोळायचा तिचा हात चालूच होता. "बाई माहेरी जाते त कोनी बोलावते म्हनून जाते. भाऊ बोलावते. भाऊ नाई त भावजय. नाई त चुलत्याचं पोरगं तरी. माह्यं कोनी उरलं नाई तिथी. बसमधून उतरली की पयला मानूस इचारते, कोनाकडे आली बाई? काय सांगू त्याले? कोनाकडेच नाई?"

मी तेलाची वाटी तिच्याजवळ सरकवली.

"पायी जानाऱ्या बाईले कोनी इचारत नाई," ती म्हणाली. "यात्रेची बाई कोनाच्याई ओसरीवर टेकते. कोनालेई पानी मागते. तिले गाव लागत नाई, नातं लागत नाई. म्हनून म्हटलं, पायी जाऊन राह्यली पोट्टी त माह्यंई होऊन जाईल."

बाबा डोळे मिटूनच बोलले, "तुले काय वाटलं, तिले तुह्यं आपन समजलं नाई? इथी येऊन म्हातारी झाली ते."

मी आईकडं पाहिलं. "तुला कळलं होतं? मी एकटीचं म्हणत होते ते?"

"हाव," ती म्हणाली. "मंग?"

मला रडूच फुटलं. रागही आला, माझा आणि तिचाही. इतकी वर्षं आम्ही दिवाळीत येतो, पुरणपोळ्या खातो, तिच्या गुडघ्यांवरून विनोद करतो, आणि या बाईला स्वतःच्या गावात पाऊल टाकायला एक निमित्त मिळत नव्हतं. एकदा तरी तोंड उघडायचं! डोळे पुसून मी लगेच कामाला लागले, कारण मीटिंगवाल्या माणसाला दुसरं काही येत नाही. म्हटलं, मी शोधते. त्या गावातलं कुणीतरी सापडेल, सरपंच, मास्तर, कुणीही. फोन करते, तुला बोलवायला सांगते.

आईनं तेलाची वाटी बाजूला ठेवली. "खबरदार! मागून घेतलेलं आवतन म्हंजे भीक. तशी नाई जात मी."

आवाज असा होता की बाबांनी डोळे उघडले.

तिसऱ्या दिवशी मीच पुन्हा कालेश्वरचं नाव काढलं. म्हटलं, डॉक्टर म्हणाले ना थोडं थोडं चाला? मग तू थोडंच चाल. मार्कंड्यापासून मी एकटी येते. तुझ्या गावाच्या अलीकडं तू एसटीनं येऊन मला गाठ. तिथून पुढं दोघी पायी, बसत-उठत. लागू देत कितीही दिवस, सहा महिने पडले आहेत.

तिनं गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "अलीकडं म्हंजे कुठी?"

"गावाच्या फाट्यावर."

"फाट्यावर नाई. फाट्यावर टपरी असते. लोकं पायतात, बाई बसमधून उतरली म्हनून. त्याच्या आंधीच्या गावाले उतरतो मी."

"गुडघा?"

"गुडघा माहा आहे, मी पायतो. पायावर धूळ त दिसली पायजे ना वं."

बाबा म्हणाले, "धूळ पायजे त घरूनच लावून जा." आईनं त्यांच्याकडं असं पाहिलं की ते पेपरात शिरले. पण तिला एसटीनं तिथवर सोडायला तेच येणार हेही त्यांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं. कुणी विचारलं नव्हतं.

जत्रा उरकल्यावर मी मार्कंड्याहून निघाले. पहिले काही दिवस, जसं ठरवलं होतं तसं, अगदी गप्प. फार छान वाटलं. मग जरा कमी छान वाटलं. मग कंटाळा आला. आष्टीच्या पुढं तर मी वळून मुलचेऱ्याच्या वाटेला लागले आणि त्या बंगाली बाईंना शोधून काढलं. त्यांना आई आठवत होती! त्यांनी भात आणि नदीचे मासे खाऊ घातले, स्वतःच्या मुलीला फोन लावून माझ्याशी बोलायला लावलं, आणि माझी गप्प राहायची अट तिथंच संपली. आलापल्लीच्या पुढं दुतर्फा साग, पानं गळून चाललेली, आणि रस्ता असा खड्ड्याखड्ड्यांचा की एसटीतली माणसं मला पाहून हेवा करत असावीत. मोहाच्या झाडाखाली मी एकदाही वाकले नाही.

ठरलेल्या गावात आई झाडाखाली बसली होती. पीटीचे बूट, गुडघ्याला पट्टा, खांद्याला झोळी. बाबांनी झोळी तिच्या खांद्यावर नीट केली आणि "जपून जा" एवढं म्हणून परतीच्या एसटीत चढले. आम्ही निघालो. तिच्या चालीनं चालायचं म्हणजे मुंगीला रस्ता द्यायचा. सावली दिसली की बसायचं. एका जागी बसलो असताना तिनं बूट काढून झोळीत टाकले आणि अनवाणी निघाली. धूळ भरपूर होती.

तिचं गाव आलं तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. जागोजागी अंगणात लाल मिरच्या वाळत घातलेल्या, नाकात नुसता ठसका. ती कुठं थांबली नाही, कुणाला काही विचारलं नाही. सरळ चालत गेली, एका चिंचेपाशी वळली आणि एका घरासमोर उभी राहिली. जुनं घर नव्हतं, वर स्लॅब पडला होता. पण मागची विहीर मला ओळखीची वाटली. अंगणात माझ्याच वयाची एक बाई मिरच्या उलथत होती. तिनं मान वर केली.

"एवरम्मा?"

म्हणजे, कोण गं बाई? एवढं मलाही कळलं.

आई बोलायला लागली. मी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आवाजच वेगळा, जरा वरचा, पोरीसारखा. त्या बाईनं पाणी आणून दिलं. आई पायरीवर टेकली, तांब्या वर धरून घटाघटा प्याली, आणि मग दोघींचं जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. मधेच आई हसली. मधेच तिनं एक मिरची उचलून मोडून पाहिली. मी बाजूला बसून नुसती बघत होते. मला एक अक्षर कळत नव्हतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

गाव सोडून बाहेर आल्यावर मी विचारलं, "सांगितलंस तिला, हे तुझं घर म्हणून?"

"नाई."

"मग इतका वेळ काय बोललात?"

"मिरचीचं."

"आणि?"

"भाव पडला म्हने औंदा. तिची सासू बिमार आहे." ती थोडी चालली. "आन म्हने, कालेश्वरहून वापस येताना इकडूनच या. जेवल्याबिगर जायाचं नाई. वाट पायतो म्हने."

तेही तिनं मिरचीच्या भावाइतकंच सरळ सांगितलं.

कालेश्वरला पोचलो तेव्हा मी पार थकले होते आणि फार आनंदात होते. संगमावर आंघोळ केली, दोन्ही लिंगांना पाणी घातलं, यमाला जरा जास्तच. मला तिथं चांगले चार-पाच दिवस राहायचं होतं. पाण्यात पाय सोडून बसायचं, काही बोलायचं नाही, काही ठरवायचं नाही. तसं मी आईला सांगितलंही. पायरीवर बसले, डोळे मिटले. उघडून बघते तर ही ओली साडी पिळून, झोळी खांद्याला लावून समोर उभी.

"अगं, बस की जरा. इतकी कसली घाई?"

"तू बस बापा," ती म्हणाली. "मी निंगतो. मले माहेरचं बोलावनं आहे."